चाळिशी लागल्यावर मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्यावर फोकस कसा जुळवायचा

मी ५२ वर्षांचा असताना एक रोल धुऊन आला आणि मी हबकलोच. अकरा पोर्ट्रेट होती. एकात कान धारदार, दुसऱ्यात शर्टाची कॉलर, तिसऱ्यात नाकाचा शेंडा. डोळ्यांवर फोकस बसलेली एकही फ्रेम नव्हती. वीस वर्षं तोच कॅमेरा आणि तीच ५० मिलिमीटरची लेन्स वापरत होतो. साहजिकच मी आधी लेन्सला दोष दिला, मग फोकसिंग स्क्रीन बदलली, मग कॅमेरा दुरुस्तीला पाठवला. तो 'काही बिघाड नाही' असा शेरा घेऊन परत आला. खरं कारण कळलं ते बऱ्याच महिन्यांनी, डोळे तपासताना. म्हणजे मी ज्या क्रमाने गेलो तो पूर्ण उलटा होता. खालच्या पायऱ्या सुलट क्रमाने लिहिल्या आहेत. तुमचा वेळ, रोल आणि पैसे वाचावेत एवढीच इच्छा आहे.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एसएलआरच्या, म्हणजे लेन्समधलंच चित्र आरशाने दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमधून पाहताना तुमचा डोळा समोरच्या माणसाकडे बघत नसतो. तो कॅमेऱ्यातल्या छोट्याशा पडद्याकडे, म्हणजे फोकसिंग स्क्रीनकडे बघत असतो. हा पडदा साधारण एक मीटर अंतरावर आहे असं भासावं, अशी आयपीसची (डोळा लावायच्या काचेची) रचना बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत केलेली असते. यालाच उणे १ डायॉप्टर म्हणतात; डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचंच एकक. समोर डोंगर असो की फूल, डोळ्याला मात्र एक मीटरवरच स्थिरावावं लागतं. तरुणपणी डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, ते हे काम आपल्या नकळत करून टाकतं. चाळिशीच्या आसपास ते ताठर होत जातं. म्हणून 'मला लांबचं तर स्वच्छ दिसतं, मग फोकस का चुकतो?' या प्रश्नाचं उत्तर असं, की कॅमेऱ्यात तुम्ही लांबचं बघतच नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- चष्म्याच्या नंबराचा कागद, सहा महिन्यांहून जुना नसलेला
- अधिक ०.५ ते अधिक २ पर्यंतचे वाचायचे तयार चष्मे (उसने मिळाले तर उत्तम)
- ट्रायपॉड, मोजपट्टी, वर्तमानपत्राचं एक पान
- निगेटिव्ह बघायचं भिंग
- चाचणीसाठी एक स्वस्त रोल
- वही आणि पेन. 'लक्षात राहील' यावर विसंबू नका

१. आधी डोळे तपासून घ्या

नंबर काढताना डॉक्टरांना किंवा चष्मा करून देणाऱ्याला स्पष्ट सांगा, की मला लांबचं आणि वाचायचं यांशिवाय एक मीटरवरचंही बघायचं आहे. शक्य असेल तर कॅमेरा बरोबर न्या. नंबराच्या कागदावर 'सिलिंडर' आणि 'अ‍ॅक्सिस' या रकान्यांत काही लिहिलं आहे का ते पाहून ठेवा. हा एका ठरावीक दिशेतल्या धूसरपणाचा (अॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर असतो. पायरी ४ मध्ये त्याचं काम पडेल.

कॅमेऱ्याला कोणता डोळा लावता, हेही तपासा. वयानुसार दोन्ही डोळे सारखे उतरत नाहीत. मी जन्मभर उजवा डोळा लावत आलो, पण आता माझा डावा जास्त स्पष्ट बघतो. सवय बदलायला तीन रोल लागले.

२. आधी पडदा, मग विषय

सगळ्यांत महत्त्वाची आणि बिनखर्चाची पायरी हीच आहे. लेन्स सर्वांत जवळच्या अंतरावर फिरवून ठेवा आणि कॅमेरा उजळ, कोऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे मात्र अजिबात नको. आता समोरचं काहीच फोकसमध्ये नाही, त्यामुळे डोळ्याची फसगत होणार नाही. पडद्यावर जे कोरलेलं आहे तेवढंच बघा: मधल्या वर्तुळाची कड, मायक्रोप्रिझमचे (फोकस चुकला की लुकलुकणाऱ्या इवल्या प्रिझमचे) बारीक ठिपके, असतील तर जाळीच्या रेषा.

त्या कडा सुईसारख्या बारीक दिसतात का? दिसत नसतील तर लेन्सची रिंग कितीही फिरवली तरी फोकस अचूक ठरवता येणार नाही. धुक्यातून बघत जोडाजोड करण्याचाच तो प्रकार होईल.

आता वाचायचा चष्मा डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये धरा. नेहमीचा चष्मा लावून शूटिंग करत असाल तर तो तसाच ठेवून त्याच्यापुढे धरा. अधिक ०.५ पासून सुरुवात करून एकेक बदलत जा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच बघा, मग नजर लांब न्या आणि पुन्हा या. एकटक बघत राहिलात तर डोळा जोर लावून कसंबसं जुळवून घेतो आणि खोटा निकाल देतो. दोन नंबरांनी सारखंच स्पष्ट दिसत असेल तर त्यातला जास्त अधिक नंबर निवडा, म्हणजे डोळ्याला जोर लावावा लागणार नाही. हीच चाचणी संध्याकाळी, डोळे थकलेले असताना पुन्हा करा. माझे सकाळ-संध्याकाळचे आकडे वेगळे आले होते. मी संध्याकाळचा धरला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

३. आयपीसची काच निवडताना आकड्यांना फसू नका

ऑलिंपस ओएम-४ सारख्या काही कॅमेऱ्यांत डायॉप्टर जुळवायची सोय अंगचीच असते. तसं असेल तर पायरी २ ची भिंत समोर धरा, बटण फिरवा आणि पुढे चला. बहुतेक मॅन्युअल कॅमेऱ्यांत ही सोय नसते. त्यांच्यासाठी आयपीसवर बसवायची वेगळी काच मिळते.

इथे एक खड्डा आहे, ज्यात मी पडलो. निकॉनच्या मॅन्युअल कॅमेऱ्यांसाठीच्या या काचांवर छापलेला आकडा काचेचा एकटीचा नसतो. कॅमेऱ्याचा उणे १ धरून होणारी बेरीज तिथे लिहिलेली असते. म्हणजे '०' असं लिहिलेली काच प्रत्यक्षात अधिक १ ची असते. पायरी २ मध्ये अधिक १ चा वाचायचा चष्मा धरून तुम्हाला स्पष्ट दिसलं असेल, तर घ्यायची ती '०' लिहिलेली काच, '+१' लिहिलेली नव्हे. दुसऱ्या कंपनीची काच घेताना तिचा हिशोब कोणता, ते माहितीपत्रकात वाचूनच पैसे द्या.

आकडा पुसला गेलेली जुनी काच हाती आली तर ओळखायची साधी युक्ती सांगतो. ती हातभर लांब धरा, तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघा आणि काच डावी-उजवीकडे हलवा. वस्तू काचेच्या उलट दिशेने सरकली तर काच अधिक नंबरची, त्याच दिशेने सरकली तर उणे, आणि जागची हललीच नाही तर बिननंबरी.

आट्यांचं मापही बघून घ्या. निकॉन एफएम, एफई यांचा आयपीस १९ मिलिमीटरचा, तर एफ३ एचपीचा २२ मिलिमीटरचा. एकाची काच दुसऱ्यावर बसत नाही.

४. चष्मा लावून की काढून?

नंबराच्या कागदावर सिलिंडरचा रकाना रिकामा असेल तर चष्मा काढून, आयपीसच्या काचेवर भागवता येईल. डोळा जवळ जातो आणि पूर्ण चौकट दिसते.

सिलिंडरचा नंबर असेल तर गोष्ट वेगळी. आयपीसच्या साध्या काचेने तो दोष जात नाही. 'रिकाम्या आयपीसच्या कड्यात माझ्या पूर्ण नंबराची काच कापून बसवून घेतो' हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, माझ्याही आला होता. पण सिलिंडरच्या काचेला दिशा असते. कॅमेरा आडवा असताना ती डोळ्याशी जुळेल. उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा फिरवला की काचही नव्वद अंशांत फिरेल, डोळा मात्र आहे तसाच राहील. मग उभ्या फ्रेमला काच नसल्यापेक्षाही वाईट दिसेल. नेहमीचा चष्मा चेहऱ्यावर असतो, कॅमेऱ्यासोबत फिरत नाही. म्हणून ठळक सिलिंडर असलेल्यांनी चष्मा लावूनच शूटिंग करावं, असं माझं ठाम मत आहे.

तो चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर आणखी एक अडचण येते. वरच्या भागात लांबचा नंबर, खाली वाचायचा, आणि एक मीटरचा पट्टा मध्ये कुठेतरी निमुळता. हनुवटी किंचित वर-खाली करत पडद्याच्या कडा स्पष्ट होईपर्यंत तो पट्टा शोधावा लागतो, आणि घाईत तो हमखास निसटतो. मी शेवटी एक वेगळा चष्मा करून घेतला. एकाच नंबराच्या काचा, सिलिंडरसह, पूर्ण एक मीटरसाठी बसवलेल्या. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो याच चष्म्याचा. एवढंच, की तो लावून गाडी चालवू नका.

चष्म्यामुळे डोळा आयपीसपासून लांब राहतो आणि चौकटीचे कोपरे कापले जातात. म्हणूनच निकॉनने एफ३ साठी एचपी फाइंडर काढला होता. त्यात डोळा २५ मिलिमीटर लांब असला तरी पूर्ण चौकट दिसते. बदल्यात चित्र थोडं लहान, साध्या फाइंडरच्या ०.८ पटीऐवजी ०.७५ पट. उलट टोकाला पेंटॅक्स एमएक्स (०.९७ पट) आणि ऑलिंपस ओएम-१ (०.९२ पट) यांत चित्र भलंमोठं असतं, पण ते पूर्ण बघायला डोळा अगदी टेकवावा लागतो. कॅमेरा नव्याने घेणार असाल तर आपण चष्मा लावणार की नाही, हे आधी ठरवा.

आयपीसचं कडं धातूचं असेल तर त्यावर रबराची रिंग बसवा. चष्म्याच्या काचेवर एकदा चरा पडला की तो जात नाही.

५. चूक डोळ्याची की कॅमेऱ्याची?

पडदा स्वच्छ दिसायला लागला, तरी फ्रेम चुकतायत? मग ही चाचणी करा.

वर्तमानपत्राचं पान एका पाटीवर चिकटवून ४५ अंशांत तिरकं उभं करा. मधल्या एका ओळीखाली जाड रेघ ओढा. ट्रायपॉडवर कॅमेरा दीड मीटरवर ठेवा आणि लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडं, म्हणजे एफच्या सर्वांत लहान आकड्यावर ठेवा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ वर या अंतरात जेमतेम १० सेंटीमीटरची खोली (पुढे-मागे स्पष्ट येणारा पट्टा) मिळते, त्यामुळे चूक लपत नाही. आता रेघेवर फोकस करून सहा फ्रेम घ्या. प्रत्येक फ्रेमआधी रिंग पूर्ण विस्कटून नव्याने जुळवा. हे टाळलंत तर एकाच फोकसच्या सहा प्रती मिळतील आणि चाचणी फुकट जाईल.

रोल धुतल्यावर निगेटिव्ह भिंगाखाली बघा. सहाही फ्रेममध्ये फोकस रेघेच्या एकाच बाजूला, जवळपास सारखाच सरकलेला असेल, तर कॅमेऱ्यात खोट आहे: आरसा जागेवरून हललेला, किंवा स्क्रीन नीट न बसलेली. तो दुरुस्तीला द्या. फोकस कधी पुढे, कधी मागे असा विखुरलेला असेल, तर कॅमेरा निर्दोष आहे, गडबड डोळ्यात किंवा पद्धतीत आहे. माझ्या अकरा पोर्ट्रेटमध्ये कान, कॉलर, नाक असा विखुरलेला फोकस होता. ही खूण तेव्हा वाचता आली असती तर दुरुस्तीचा खर्च वाचला असता.

रोल खर्च करायचा नसेल तर मागचं दार उघडा, फिल्म जिथे टेकते त्या रुळांवर अर्धपारदर्शक दुधी टेप ताणून लावा, शटर 'बी' वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) उघडं ठेवा आणि टेपवर पडलेलं चित्र भिंगाने बघा. फाइंडरमध्ये जे फोकसमध्ये दिसतंय तेच टेपवरही धारदार हवं. शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका.

६. स्क्रीन बदलण्याआधी विचार करा

तुटलेली रेषा ओळखण्यात माणसाचा डोळा फार तरबेज असतो. रेषा जराशी धूसर असली तरी ती मध्ये तुटून सरकली आहे हे लगेच कळतं. म्हणून उतरत्या नजरेला स्प्लिट इमेजचा (मधल्या वर्तुळात चित्राचे दोन अर्धे भाग जुळवायच्या स्क्रीनचा) आधार सर्वांत मोठा, त्याखालोखाल मायक्रोप्रिझम, आणि नुसती दुधी स्क्रीन सर्वांत अवघड. तुमच्या कॅमेऱ्यात साधी स्क्रीन असेल आणि ती बदलता येत असेल, तर हा बदल जरूर करा.

स्प्लिटच्या मर्यादा दोन. एफ/५.६ सारख्या मंद लेन्सवर, किंवा डोळा मधोमध नसेल तर, अर्धं वर्तुळ काळं पडतं. आणि आडव्या स्प्लिटला उभी रेघ लागते. ती नसेल तर कॅमेरा तिरका करून फोकस करा आणि परत सरळ करा.

'जास्त उजळ' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्क्रीनबद्दल सावध राहा. त्या उजळ असतात कारण त्या प्रकाश कमी विखुरतात. त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सवर फोकस बसला-सुटला यातला फरक पडद्यावर पुसट होतो. शिवाय ज्या कॅमेऱ्यांत मीटर स्क्रीनवरचा प्रकाश मोजतो, त्यांत स्क्रीन बदलली की मीटरचं वाचनही सरकतं. अंधारच मूळ तक्रार असेल तर एफ/४ ऐवजी एफ/२ ची लेन्स लावा. स्क्रीनवर चौपट प्रकाश येतो आणि फोकसही जास्त ठळकपणे बसतो.

स्क्रीनवरची धूळ फोटोत येत नाही. फुंकणीने उडवा, कापडाने पुसू नका. ते प्लॅस्टिक फार मऊ असतं.

७. रबरी कप आणि भिंग

वयानुसार डोळ्यातलं भिंग प्रकाश जास्त विखुरतं, म्हणून बाजूने येणारा उजेड फाइंडरमधलं चित्र फिकट करतो. साधा रबरी आयकप लावा. ही एवढीशी वस्तू उन्हात चकित करणारा फरक पाडते.

स्थिर विषयासाठी आयपीसवर लावायचं भिंगही मिळतं. निकॉनचं डीजी-२ चित्राचा मधला भाग दुप्पट करून दाखवतं आणि फोकस झाला की बिजागरीवर वर उचलता येतं. ट्रायपॉडवर काम करणाऱ्यांनी ते घ्यावं. हातात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना ते अडचणीचंच वाटेल.

८. हाताची पद्धत बदला

फोकस हळूहळू जुळवत नेऊन 'आता बसला' म्हणून थांबू नका. त्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे डोळ्याला सगळं सारखंच वाटतं. रिंग निश्चयाने पुढे न्या, चित्र स्पष्ट बिघडू द्या. मग मागे आणा, त्या बाजूलाही बिघडू द्या. मग दोन्हींच्या मध्ये थांबा. दोनदा झालं की पुरे, कारण चौथ्या-पाचव्या फेरीत डोळा दमतो आणि निर्णय बिघडतो. मधेमधे पापण्या मिटा. वयानुसार डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्याला सगळंच मऊ दिसतं.

पोर्ट्रेटमध्ये गालावर किंवा केसांत फोकस शोधू नका. बुबुळातला उजेडाचा ठिपका किंवा चष्म्याच्या फ्रेमची कड पकडा. फोकस झाल्यावर श्वास सोडून पुढे-मागे न हलता लगेच शटर दाबा. एफ/१.४ वर एक मीटरवरून खोली फक्त ३ सेंटीमीटरच्या आसपास असते; तेवढं तर शरीर नुसतं उभं राहूनही डोलतं. जमेल तिथे एफ/४ च्या पुढे जा.

९. फाइंडरशिवाय फोकस

रस्त्यावर मी आता बहुतेक वेळा फाइंडरमध्ये फोकस करतच नाही. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून अंतर ५ मीटरला लावलं, तर अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २८ मिलिमीटरची असेल तर सव्वातीन मीटरला लावा, म्हणजे साधारण १.६ मीटरपासून पुढचं मिळेल. ५० मिलिमीटरला हे सुख नाही. एफ/८ वर २ मीटरला फोकस केला तर पाऊण मीटरचा पट्टा मिळतो, एवढंच.

लेन्सवरचे बारीक आकडे वाचता येत नसतील तर दीड, तीन आणि पाच मीटरच्या खुणांवर नेलपॉलिशचे वेगवेगळ्या रंगांचे ठिपके द्या. रिंगवर रबराचा छोटा उंचवटा चिकटवला तर बोटाच्या स्पर्शानेच अंतर कळतं. टेबलावरच्या विषयांसाठी मोजपट्टी सर्वांत खात्रीची. मात्र अंतर लेन्सच्या टोकापासून न मोजता फिल्मपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वर्तुळातून आरपार गेलेल्या रेघेची खूण असते, ती फिल्मची जागा.

१०. कॅमेऱ्याचा प्रकारच बदलायचा असेल तर

रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यात, दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या असतात, त्यामुळे उतरत्या नजरेला तो सोपा जातो. १९५४ चा लायका एम३ आजही यासाठी उत्तम, कारण त्याचा फाइंडर ०.९१ पट आहे. नंतरच्या बऱ्याच एम कॅमेऱ्यांचा ०.७२ पट. लायका एमच्या फाइंडरमधलं चित्र सुमारे दोन मीटरवर भासतं, म्हणून डोळ्यावरचा ताणही एसएलआरपेक्षा कमी. जुन्या रेंजफाइंडरचा मधला चौकोन फिका पडलेला असेल तर डोळ्याला दोष देण्याआधी आतल्या काचा साफ करून घ्या.

वरून बघायच्या मध्यम फॉरमॅट कॅमेऱ्यांत झाकणातलं भिंग उघडून डोळा त्याला टेकवा. त्या कॅमेऱ्यांवर मला कधीच त्रास झाला नाही.

आणि मॅन्युअल लेन्स ठेवून थोडी इलेक्ट्रॉनिक मदत चालणार असेल, तर निकॉन एफ४ (१९८८) चा विचार करा. निकॉनची जुनी एआय (मॅन्युअल फोकसची) लेन्स लावून हाताने फोकस केला तरी फाइंडरमध्ये बाण दिशा दाखवतात आणि फोकस बसला की ठिपका उजळतो.

११. मोतीबिंदू, आणि डॉक्टरांकडे कधी धावायचं

योग्य काच लावूनही पडदा पिवळसर, धुरकट वाटत असेल, दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी करा. त्यावर कुठलीही स्क्रीन किंवा भिंग चालणार नाही. जाळीच्या स्क्रीनवरच्या सरळ रेषा एका डोळ्याने वाकड्या किंवा लाटेसारख्या दिसल्या, अचानक प्रकाशाच्या चमका आल्या, नवे काळे ठिपके भराभर वाढले किंवा नजरेसमोर पडदा सरकला, तर कॅमेरा खाली ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. हे फोकसचं दुखणं नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर कृत्रिम भिंग निवडण्याआधी डॉक्टरांशी कॅमेऱ्याबद्दल मोकळेपणाने बोला. साधं भिंग एकाच अंतराला स्पष्ट दाखवतं. ते अंतर कोणतं असावं हे आधी ठरवावं लागतं. अनेक अंतरांसाठीच्या भिंगांत काँट्रास्ट थोडा कमी होतो आणि रात्री वलयं दिसू शकतात, हेही विचारून घ्या. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. तोवर आयपीसची नवी काच मागवू नका. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ आणि पाच मीटर यांवर भागवा. नंबर स्थिर झाला की कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून पायरी २ पुन्हा पहिल्यापासून करा.